गिरिजाचं खाणं

बाळीवेशीत महेश्वर अण्णांचं विभूती, कापूर आणि रुद्राक्षांचं छोटंसं दुकान आहे. तिथं विभूतीचा गोळा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक नुसता गोळा घेऊन कधी परतलं नाही. सोबत गिरिजाची गोष्ट घ्यावीच लागायची. ती फुकट होती आणि टाळायची सोय नव्हती.

गिरिजा म्हणजे अण्णांची मांजर. सगळी पांढरी, शेपटीचं टोक तेवढं काळं. "इतकी वर्षं झाली आमच्यात येऊन," अण्णा गोळा कागदात गुंडाळता गुंडाळता सुरू करत, "पण मांसाला तोंड लावलं नाही बघा. दूधभात, दहीभात, चपातीचा कुस्करा. सकाळी मी लिंगपूजेला बसलो की समोर येऊन बसती. हलत नाही. संस्कार असतात की ओ, मुक्या जनावरालाबी कळतंय." गिरिजा पूजेच्या वेळी समोर बसायची हे खरं होतं. नैवेद्याच्या दुधाची वाटी तिथंच असायची, हेही खरं होतं. अण्णा पहिलं सांगत, दुसरं सोडून देत.

बढाईला कारणही होतं म्हणा. अण्णांचं घर पिढ्यान् पिढ्या शाकाहारी. केकात अंडं असतं म्हणून मुलीच्या वाढदिवसाला घरात शिरा व्हायचा. अशा घरात मांजर आणली तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली होती. उंदीर धरून देवघरात आणील तेव्हा कळेल, असं तोंडावर म्हणाले होते. त्या सगळ्यांना अण्णांनी गिरिजा दाखवून गप्प केलं होतं. माणसाच्या आयुष्यात जिंकायच्या जागा फार नसतात. अण्णांना ही एक सापडली होती आणि ते ती सोडायला तयार नव्हते.

अण्णा राहतात ती कॉलनी अक्कलकोट रोडच्या बाजूला, घराला घर चिकटलेली. शेजारच्या घरात नरसम्मा राहते. नवरा यंत्रमागावर होता, तो वारला. मुलगी भिवंडीला दिलेली. नरसम्मा पायरीवर बसून, मांडीवर सूप घेऊन, दिवसभर विड्या वळते. दीड वर्षापूर्वी एका बुधवारी अण्णा दुपारीच दुकान बंद करून घरी आले आणि नरसम्माच्या पायरीवर त्यांना त्यांची गिरिजा दिसली. पुढ्यात कागदावर माशाचं डोकं होतं. निम्मं संपलं होतं.

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाटवलं तुमी तिला!" ते ओरडले. ओरडले म्हणजे असे की समोरच्या पिठाच्या गिरणीतला पट्टा थांबवून माणूस बाहेर आला. "तुमच्यात काय शिजतंय ते तुमच्या घरात ठेवा. आमच्या मांजराला कशाला घाण घालता? आमच्या देवघरात फिरती ती!"

"मी बोलवत न्हाय की ओ अण्णा," नरसम्मा म्हणाली. "तिची ती येती. भुकेनं येती, म्हणून टाकते."

"उपाशी ठेवतो व्हय आमी तिला?"

नरसम्मानं सूप खाली ठेवलं, कागद उचलला आणि आत गेली. गल्लीतली पाच-सहा माणसं बघत होती. अण्णांनी गिरिजाला उचललं, घरात नेलं आणि तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. त्या दिवसापासून नरसम्मा अण्णांना बघून पदर सारखा करायची, पण बोलायची नाही. अण्णांना ते बरंच वाटलं. बाईला आपली चूक कळली, असं त्यांनी धरलं.

दुसऱ्याच दिवशी खिडक्यांना जाळ्या बसल्या. गिरिजाचं बाहेर जाणं बंद. जाळी ठोकताना बायको महादेवी एवढंच म्हणाली, "मांजर हाय ओ ती." अण्णांनी खिळा ठोकत तिकडं लक्ष दिलं नाही. पण मनात कुठंतरी त्यांना वाटलं असावं, की दूधभातानं भागत नसेल. म्हणून ते जनावरांच्या खाण्याच्या दुकानात गेले आणि शाकाहारी काय मिळेल म्हणून विचारलं. दुकानदारानं एक पाकीट काढून दिलं. त्यावर शाकाहारीचा हिरवा ठिपका होता आणि एका हसऱ्या कुत्र्याचं चित्र होतं. "कुत्र्याचं आहे, चालेल का?" दुकानदारानं विचारलं. अण्णा म्हणाले, "चालतंय की. चार पाय हिलाबी हायत." हिरवा ठिपका बघून त्यांचं समाधान झालं होतं. पुढं त्यांनी विचारलं नाही.

मग दीड वर्ष अण्णांची चलती होती. पुतण्या श्रीशैलनं गिरिजाचा पूजेसमोर बसलेला व्हिडिओ काढला, तो समाजाच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. समाजाच्या एका मेळाव्यात अण्णांना दोन शब्द बोलायला उभं केलं. अण्णा वीस मिनिटं बोलले. आहार शुद्ध ठेवला तर हिंस्र प्राणीसुद्धा कसा बदलतो, हे त्यांनी आपल्या गिरिजावरून पटवून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, ते आता सांगता यायचं नाही.

यंदा संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात गिरिजा ओट्यावर उडी मारताना चुकली. धडपडून खाली पडली. सगळे हसले. पुढच्या आठवड्यात तिनं पाटाला धडक मारली. मग दाराच्या चौकटीला. अण्णा म्हणाले, वय झालं. तिचे डोळे मात्र विलक्षण दिसू लागले होते. भर उन्हातसुद्धा बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर, चकाकणाऱ्या. अण्णांनी दुकानात एका गिऱ्हाइकाला सांगितलंही, "सात्त्विक खाण्याचं तेज बघा, डोळ्यांत उतरलंय."

नंतर हे वाक्य अण्णांना रोज आठवायचं. जेवताना आठवायचं, विभूती लावताना आठवायचं. आठवलं की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

"ती बघत न्हाय ओ," महादेवी एके सकाळी म्हणाली. तिनं गिरिजाची वाटी आवाज न करता उचलून हातभर बाजूला ठेवली. गिरिजा जुन्या जागी गेली, फरशी हुंगली, आणि तिथंच उभी राहिली. महादेवीनं वाटीवर नख वाजवलं तेव्हा तिनं मान वळवली. अण्णांनी टॉवेल खांद्यावरून काढला, परत खांद्यावर टाकला. "चला डॉक्टरकडं," ते म्हणाले.

जनावरांचा डॉक्टर बिरुदेव सांगोल्याकडचा, तिशीतला. घरात मेंढरं, त्यामुळं जनावराला हात लावायची त्याची पद्धत आईसारखी होती. त्यानं गिरिजाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिला. मग विचारलं, "खायला काय देता काका?"

झालं. अण्णांचा दुकानातला आवाज सुरू झाला. "आमची गिरिजा पूर्ण शाकाहारी. आजपर्यंत मांसाला..." अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरनं पेन खाली ठेवलंय. महादेवीनं पिशवीतून ते पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "दीड वर्ष झालं हेच देतोय, त्याआधी ठणठणीत होती," ती म्हणाली.

"हे कुत्र्याचं हाय काका."

"शाकाहारी आहे," अण्णा म्हणाले.

"व्हय. शाकाहारी, कुत्र्याचं." डॉक्टरचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "कुत्रं एकवेळ भाकरीवर निभावतं. मांजराचं तसं न्हाय. तिला जे लागतं त्यातलं काही नुसतं मांसातच असतं, तिचं अंग ते स्वतः पुरेसं बनवत न्हाय. ते मिळालं न्हाय की डोळ्याच्या आतला पडदा मरतो. हृदय बी ढिलं पडतं. हिचं दोन्ही झालंय."

"डोळे येतील ना?"

"गेलेले न्हाय येत."

अण्णांनी गिरिजाकडं पाहिलं. ती टेबलावर शांत बसली होती. तिच्यात काहीच बदललेलं दिसत नव्हतं.

"हृदय सुधारंल, औषध आणि बरोबर खाणं आजपासनं सुरू केलं तर," डॉक्टर म्हणाला. "न्हाय केलं तर काय खरं न्हाय. एक तर मांजराचं म्हणून बनवलेलं पाकीट आणा, त्यात मासा-कोंबडी असती, बाकीचं बी मापात घातलेलं असतं. न्हायतर घरी द्या. मासा, कोंबडीचं काळीज, मटण. पण ते मोजून-मापून. नुसतं काळीज देत राहिला तर तेबी बाधतं. तुमच्या घरात पाकीट सोपं पडंल." मग तो थांबला. "मला एक कळत न्हाय. दीड वर्षामागं ठणठणीत होती म्हणता. दूधभातावर इतकी वर्षं ही टिकली कशी? उंदीर-पाली मारल्या असतील, पण कुणीतरी हिला रोजचं घालत असणार."

महादेवी खिडकीबाहेर बघायला लागली. आणि अण्णांना सगळं कळलं. एकदम कळलं, तोंडात मारल्यासारखं.

रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पैल्या वर्षापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमी दुकानात सगळ्या गावाला सांगत सुटला होता. मी म्हटलं चाललंय ते चालू दे. ती तिकडं जेवती, तुमी हिकडं मान मिरवता. दोघांचं पोट भरतंय." महादेवीनं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती, आत गिरिजा होती. "जाळी ठोकली तवा बोलायला पायजे होतं मी. तेवढं चुकलं माझं."

तिनं स्वतःकडं तेवढी चूक घेतली, त्यामुळं अण्णांना स्वतःची आणखीच मोठी दिसली. बायकोनं भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

पाकीट आणायचं ठरलं. खरं सांगायचं तर अण्णांना पाकीट आवडलं. मांसच, पण मांसासारखं दिसत नाही. कोरडं, तपकिरी, रुद्राक्षाएवढे दाणे. अण्णांनी पाकिटावरचं माशाचं चित्र बघितलं, दाणे एका जुन्या स्टीलच्या डब्यात ओतले, आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरवरून दोन कॉलन्या पलीकडच्या कचराकुंडीत टाकून आले. कुणी विचारलं तर डॉक्टरनं दिलेलं औषध आहे म्हणायचं, हेही ठरलं. मांजर आंधळी झाली तरी अण्णांना अजून डब्यावर झाकण हवं होतं.

गिरिजानं त्या दाण्यांना तोंड लावलं नाही. हुंगायची आणि मागं सरायची. पाण्यात भिजवून दिले, तरी नाही. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाटेखाली जाऊन बसली ती बाहेरच आली नाही. अण्णांनी डॉक्टरला फोन लावला.

"आजारी मांजर नवं खाणं धरत न्हाय काका," डॉक्टर म्हणाला. "वासावर चालतं तिचं. आधी जे आवडीनं खात होती ते जरा त्यात कुस्करा, मग हळूहळू दाण्यावर येईल. पण उपाशी ठेवू नका. मांजराला दोन-तीन दिसांचा उपास बी लई जड जातो. आजच्या आज काहीतरी पोटात जाऊ द्या."

आवडीनं काय खात होती, हे सांगू शकणारं माणूस भिंतीपलीकडं बसलं होतं. विड्या वळण्याचा, कात्रीचा आवाज अण्णांना ऐकू येत होता. अण्णांनी चप्पल घातली, स्कूटर काढली, आणि उलट्या दिशेला गेले. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा बाजारात. मासळीच्या रांगेच्या अलीकडं त्यांनी स्कूटर लावली, रुमाल काढला आणि कपाळावरची विभूती पुसली. पन्नास वर्षांत अंघोळीशिवाय ती कधी पुसली गेली नव्हती.

"काय देऊ काका?" मासळीवाल्या बाईनं विचारलं.

"मासा," अण्णा म्हणाले.

"कुटला?"

अण्णांना एकाही माशाचं नाव येत नव्हतं. समोर चंदेरी, काळे, लहान, मोठे, सगळे डोळे उघडे ठेवून पडले होते. बाई वाट बघत होती, मागचं गिऱ्हाईक कोपरानं ढोसत होतं. "नंतर येतो," असं काहीतरी पुटपुटत अण्णा तिथून निघाले. स्कूटरच्या आरशात त्यांना आपलं कोरं कपाळ दिसलं. अण्णा कानकोंडे झाले, आरशासमोर, एकटेच. वास, विभूती, ओळखीचं कुणी भेटेल, ह्याचीच लाज वाटून घेण्यात दोन दिवस गेले होते. जिची वाटायला हवी त्या शेजारणीजवळ जायची त्यांची हिंमत होत नव्हती. आणि गिरिजा खाटेखाली उपाशी बसली होती.

ते घरी आले. गिरिजाला खाटेखालून काढलं, हातात घेतलं. ती कापसासारखी हलकी लागली. ते बाहेर आले आणि शेजारच्या पायरीसमोर उभे राहिले. चार वाजले होते, गल्ली जागी होती. गिरणी चालू होती.

नरसम्मानं वर पाहिलं. हातातली विडी तशीच राहिली.

"नरसम्मा," अण्णा म्हणाले.

पण गिरिजा तोवर त्यांच्या हातात ताठ झाली होती. नाक हलायला लागलं होतं. तिनं अंग सोडवून घेतलं, खाली उतरली, आणि कुठंही न धडकता सरळ नरसम्माच्या गुडघ्याशी गेली. डोकं घासलं. नरसम्मानं सूप बाजूला सारलं. "वोळखलं की ओ!" ती हसली, दीड वर्षांत पहिल्यांदा अण्णांशी बोलली. "बघा, लांबनंच बघितलं मला!"

अण्णांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "नाही," ते म्हणाले. "दिसत नाही तिला."

"म्हंजे?"

"डोळे गेले."

नरसम्मानं गिरिजाचं तोंड दोन्ही हातांत धरून वर केलं. तंबाखूच्या तपकिरी बोटांनी तिच्या डोळ्यांपुढं हात हलवला. पुन्हा हलवला. "कशानं?"

वय झालं, म्हणता आलं असतं. आजार म्हणता आला असता. गिरणीवाला दारात येऊन उभा होता, समोरच्या घरातल्या दोन बायका कठड्यावर टेकल्या होत्या. तीच माणसं होती, त्या बुधवारची.

"माझ्यानं," अण्णा म्हणाले. "तुमी घालत होता त्यावर ती धड होती. मी ते बंद केलं आणि तिचे डोळे गेले. तुमाला नको ते बोललो मी."

नरसम्मा आपल्या घरच्या तेलुगूत बोलायला लागली. मोठ्यानं, भरभर, गिरिजाला छातीशी धरून, रडत. अण्णांना तेलुगू येत नव्हतं. त्यातला एक शब्दही कळला नाही ह्याचं त्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली. ते उभे राहिले. ती थांबेपर्यंत हलले नाहीत.

"काय खायची ती?" शेवटी त्यांनी विचारलं. "दोन दिवस काही घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं द्या. नाहीतर जगायची नाही."

नरसम्मानं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती, त्यात भाजलेली सुकट. तिनं वाटी गिरिजासमोर ठेवली नाही. अण्णांसमोर धरली.

"मी न्हाय घालणार," ती म्हणाली. "मी घातलं की बाटतंय. तुमी घाला."

अण्णा पायरीवर बसले. ह्या पायरीवर ते कधी बसले नव्हते. वास नाकात गेला. त्यांनी सुकटीची चिमूट घेतली, बोटांत कुस्करली, तळहातावर घेऊन गिरिजाच्या तोंडाशी नेली. गल्लीत कुणीतरी काहीतरी म्हणालं. अण्णांनी वर पाहिलं नाही.

गिरिजानं हुंगलं. मग तिनं त्या हातावर तोंड टाकलं आणि अधाशासारखी खायला लागली. खरखरीत जीभ तळहातावर घासत होती, दात बोटांना लागत होते. आणि खाता खाता तिच्या घशातून एक जाड, खोल आवाज यायला लागला. अण्णा दचकले. हात मागं घेणार होते.

"हात काढू नका," नरसम्मा म्हणाली. "काय न्हाय करत ती. आवडीचं मिळालं की असंच गुरगुरती. नेहमीच. तुमाला म्हाईत न्हाय?"

"नाही," अण्णा म्हणाले. "मी कधी ऐकलं नव्हतं."